बांधावरचे ॲप आणि खोलीतला आराखडा

देवरूखजवळ आंबव येथे 1998 साली राजेंद्र माने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि संगमेश्वर तालुक्यातल्या मुलामुलींना संगणकाची वाट घराजवळच सापडली. आज ‘लेक हिंजवडीला बिझनेस ॲनालिस्ट आहे’ असे आई अभिमानाने सांगते खरी. पण ‘म्हणजे नेमके काय करते?’ असे कोणी विचारले की अडखळते. उत्तर फारसे अवघड नाही. ज्याला संगणकप्रणाली हवी त्याची गरज समजून घ्यायची आणि जो ती लिहिणार त्याला कळेल अशा भाषेत मांडायची. थोडक्यात, दुभाष्याचे काम. सुटीत घरी आलेली हीच लेक सकाळी लॅपटॉप उघडून पंधरा मिनिटे सहकाऱ्यांशी बोलते : काल काय झाले, आज काय करणार, कुठे अडले. या पद्धतीला ‘अजाईल’ म्हणतात.

पूर्वी सगळी मागणी आधी कागदावर उतरवायची, मग आराखडा, मग बांधणी आणि शेवटी तपासणी, असा क्रम असे. धबधब्यासारखा, पाणी मागे फिरायचे नाही. गंमत अशी, की विन्स्टन रॉइस यांनी 1970 साली हा क्रम मांडला तेव्हाच तो धोक्याचा असल्याचे लिहिले होते आणि शक्यतो काम दोनदा करावे, असेही सुचवले होते. लोकांनी आकृती तेवढी उचलली! पुढे फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जाणकार जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्याचे सार असे : जाड दस्तऐवजापेक्षा चालणारी वस्तू महत्त्वाची; करारावर अडून बसण्यापेक्षा ग्राहकाला सोबत घ्या; बदलाला घाबरू नका. म्हणून दोन-चार आठवड्यांत थोडेसे करायचे, वापरणाऱ्याच्या हाती द्यायचे, त्याचे ऐकायचे, पुन्हा करायचे.

हे सारे पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींपुरते आहे, असे मात्र नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. तलाठ्याने भरायची सातबारावरची पीकनोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून, शेतातल्या फोटोसह करायची. नोंद नसेल तर नुकसानभरपाईच्या वेळी अडचण. म्हणजे ॲपमधली चूक थेट घरच्या पैशावर येते. प्रत्येकाकडे स्मार्टफोन नसतो हे ध्यानात घेऊन एका मोबाईलवर वीस खातेदारांची सोय केलेली होती. हा विचार शेतकऱ्याला ओळखणाऱ्याचाच. वर्षभराच्या अनुभवानंतर ऑगस्ट 2022 मध्ये दुसरी आवृत्ती आली. चुकलेली नोंद 48 तासांत दुरुस्त करता येऊ लागली, मिश्र पिकात मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके नोंदवता येऊ लागली, गावाच्या नोंदी सर्वांना पाहता येऊ लागल्या. रब्बी 2024 पासून राज्यात केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेची पद्धत आली.

ऐकून सुधारणे ते हेच. मात्र यात एक बोचरी गोष्ट आहे. कंपनीत दोन आठवड्यांनी चूक सुधारता येते. शेतकऱ्याचा खरीप वर्षातून एकदाच येतो. पहिल्या हंगामात मिश्र पीक नीट नोंदवता आले नाही, त्याला दुसऱ्या आवृत्तीचे काय कौतुक? म्हणून ऐकण्याचे काम ॲप गावात येण्याआधी व्हायला हवे.

आणि कोकण विचारून घ्यावे असेच आहे. एका सातबारावर भावकीची दहा नावे, त्यांतले निम्मे खातेदार मुंबईला. गावी वृद्ध काकू. खाली भात, वर वरकस जमिनीत नाचणी-वरी, बांधावर आंबा-काजू. झाडीत रेंज नाही, श्रावणात फोटो काढायला उघडीप नाही. हे कोणत्याही मागणीपत्रात आपणहून लिहिले जात नाही; पडवीत बसून चहा घेताना कळते.

कार्यालयांतून अजाईलचा कुळाचार झाला आहे, ही आमची तक्रार आहे. रोजची बैठक होते, रंगीत चिठ्ठ्या लागतात, पण ॲनालिस्टची आणि वापरणाऱ्याची गाठ महिनोन् महिने पडत नाही. सरकारी निविदेत तर सारे काम आधीच शब्दांत बांधलेले असते. नंतर बदल म्हटला की नवा खर्च. त्यात विचारपूस करण्याचे आठवडे आणि त्याचे पैसे वेगळे धरता येतील. त्यासाठी माणसेही दूर शोधावी लागणार नाहीत. आंबवला शिकणाऱ्यांतली काही मुले याच तालुक्यातल्या वाड्यांतून येतात आणि त्या काकूंची बोली त्यांना घरूनच येते. पुढच्या खरिपाआधी, मे महिन्यात, त्यांतल्या चार जणांना हे काम द्यावे.