कायमची कमी की तात्पुरती जास्त?

आयटीआय किंवा डिप्लोमा करून बाहेर पडलेल्या नाशिकच्या मुलासमोर आज साधारण दोन रस्ते असतात. एक, लहान कारखान्यात कमी पगाराची पण कायमची नोकरी. दुसरा, अंबड-सातपूरच्या मोठ्या कंपनीत एजन्सीमार्फत मिळणारं काम. तिथे पगार दोन-तीन हजारांनी जास्त, कँटीन, ये-जा करायला बस, अंगावर कंपनीचा शर्ट. पण सहा-सात महिन्यांनी ब्रेक. वडाळा गाव, नानावली, कथड्याकडची मुलं मला विचारतात, काय करू? मी एजन्सीच्या कामात सहा वर्षं काढली आणि आता एका लहान कारखान्यात कायम आहे. म्हणून माझं मत सांगतो. हिशेब तुम्ही स्वतः करून बघा.

एजन्सीकडे जाणारा मुलगा उतावळा असतो असं घरचे म्हणतात. ते खरं नाही. कायमच्या जागेची बातमी बहुतेक वेळा ओळखीतून फिरते. ज्याचे काका-मामा आत असतात त्याला ती आधी कळते. शहरांतल्या नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुस्लिमांचा वाटा इतर समाजांपेक्षा कमी आहे, हे सच्चर समितीनं २००६ मध्येच सांगितलं होतं. म्हणजे आपल्या बहुतेकांचे काका-मामा आत नाहीत. एजन्सीवाला ओळख विचारत नाही. आधार कार्ड आणि दोन फोटो घेतो आणि सोमवारपासून या म्हणतो. हा दरवाजा उघडा आहे, म्हणून मुलं त्यातून जातात.

पण ब्रेक का मिळतो, हे समजून घ्या. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत अशी तरतूद राहिली आहे की, तात्पुरत्या कामगाराचे बारा महिन्यांत २४० दिवस भरले की तो कायम होण्यास पात्र ठरतो. म्हणून २४० च्या आत त्याला थांबवायची रीत पडली. एजन्सीच्या मुलाची अडचण आणखी वेगळी. कागदोपत्री त्याचा मालक ठेकेदार असतो, कंपनी नव्हे. एखाद्या कामातली ठेका पद्धत सरकारनं बंद केली तरी तिथला कामगार आपोआप कंपनीचा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालात स्पष्ट केलं आहे. ‘चांगलं काम कर, कंपनी तुला घेईल’ या शब्दावर वर्षं काढू नका.

आता पैशाचा हिशेब. सोयीसाठी धरू की कायम नोकरीत १३ हजार आहेत आणि एजन्सीत १६ हजार. पीएफ दोन्हीकडे भरला जातो. एजन्सीत वर्षातले दोन महिने ब्रेकमध्ये आणि पुढचं काम शोधण्यात गेले, तर १ लाख ६० हजार होतात. कायम नोकरीत बारा महिन्यांचे १ लाख ५६ हजार. फरक उरला चार हजारांचा. उलट १३ हजार हा मूळ पगार आणि महागाई भत्ता असेल, तर कायम नोकरीत दरवर्षी ७,५०० रुपये ग्रॅच्युइटी साठत जाते. पाच वर्षं पूर्ण झाली की तिचा हक्क मिळतो. ब्रेक एकाच महिन्याचा असेल तर एजन्सी वीस हजारांनी पुढे राहते, हेही खरं. पण ब्रेक किती दिवसांचा, हे तुम्ही ठरवत नाही. अम्मीचं ऑपरेशन किंवा बहिणीचं लग्न नेमकं त्याच महिन्यात आलं, की वर्षभराची जास्तीची कमाई उधारी फेडण्यात जाते. ईदची सुटी घेतली तर एजन्सीत त्या दिवसाची हजेरीही जाते.

म्हणजे कायम नोकरी केव्हाही चांगली? नाही. आपल्या मोहल्ल्यात ‘कायम’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. चाचांच्या गॅरेजमध्ये, फर्निचरच्या दुकानात, बेकरीत मुलगा दहा वर्षं राबतो. ‘तू तर घरचाच आहेस’ असं त्याला सांगतात. पण नेमणूकपत्र नाही, पगाराची पावती नाही, पीएफ नाही. दहा वर्षं काम केलं याचा एक कागद त्याच्याकडे नसतो. बँक कर्ज देत नाही, दुसरा मालक अनुभव मानत नाही. धंदा शिकून उद्या स्वतःचं दुकान टाकायचं असेल तर तिथे जरूर राहा. नाहीतर पीएफ भरणारी एजन्सी या ‘घरच्या’ नोकरीपेक्षा बरी.

पीएफ साधारणपणे २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो, ईएसआय दहा किंवा जास्त असतील तिथे. नोकरी धरताना पगाराच्या आधी हे विचारा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार नेमणूकपत्र हा कामगाराचा हक्क आहे. ठरावीक मुदतीच्या नोकरीत आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळू शकते. मात्र ठरावीक मुदतीची नेमणूक वेगळी आणि ठेकेदाराचा कामगार वेगळा. आपल्या कागदावर काय लिहिलं आहे ते वाचूनच सही करा. एजन्सीनं सांगितलेल्या १६ हजारांत मालकाचा पीएफचा वाटाही धरला आहे का, हेही विचारून घ्या.

मुलींनी ईएसआयकडे खास लक्ष द्यावं. नियमाप्रमाणे वर्गणी भरलेली असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगाराइतका लाभ मिळतो. लग्न ठरलं म्हणून चांगली कायम नोकरी सोडायला लावणाऱ्या घरांनी हा आकडा एकदा मोजावा.

माझं मत असं: नेमणूकपत्र, पीएफ आणि ईएसआय असेल तर दोन-तीन हजार कमी घेऊन कायम नोकरी धरा. ती मिळत नसेल तर एजन्सीत जा, पण मुदत ठरवून. दोन वर्षं पुरेत. त्या काळात सामान उचलण्यात अडकू नका, सीएनसीसारखं एखादं मशीन हाती घ्या. यूएएन एकच ठेवा. दर ब्रेकला पीएफ काढून खाऊ नका. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि वेगवेगळ्या मालकांकडची वर्षं त्यात जोडता येतात. पेन्शनचे पैसे काढले की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आणि जे आत कायम झाले आहेत त्यांच्यासाठी एक शब्द. आपल्या खात्यात जागा निघाली की मोहल्ल्यात सांगा. आपल्या मुलांना आत काका-मामा नव्हते. आता ते तुम्ही आहात.