पथ्य दोघांचे, चूल एकीची

वजन, साखर, रक्तदाब हे विषय आता पुण्याच्या पेठांपुरते राहिलेले नाहीत. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या आमच्या पट्ट्यात घरातले कुणी ना कुणी कंपनीत जाते आणि उरलेल्या जमिनीत कांदा, ज्वारी, दोन गाई असा संसार चालतो. कंपनीच्या तपासणीत साखर काठावर निघते आणि घरात पथ्य सुरू होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा 'दिवसातून दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, रोज चाला' हा सल्ला २०१८च्या सुमारास महाराष्ट्रभर गाजला. त्याआधी डॉ. श्रीकांत जिचकार यांनीही दोनच वेळा जेवायला सांगितले होते. या सल्ल्यांच्या वैद्यकीय बाजूचा खल डॉक्टरांनी करावा. मला विचारायचे आहे ते वेगळेच. नवरा-बायको 'दोघे मिळून' पथ्य करतात, तेव्हा त्यातला कष्टाचा वाटा कुणाचा?

गेल्या फाल्गुनात आम्ही दोघांनी आमच्यापुरता पंधरा दिवसांचा नेम केला. दोनदा जेवायचे, मध्ये काही खायचे नाही, साखर बंद. पहिल्या आठवड्यात नवऱ्याची पहिली पाळी होती. सहाला बस. कॅन्टीनचे जेवण पथ्यात बसेना, म्हणून डबा. डब्यात मोड आलेले मूग, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, एक भाकरी, पालेभाजी. हे सगळे साडेचारला उठून, धारा काढायच्या आधी. मुलांना पोळी-भाजी वेगळी, सासूबाईंना मऊ खिचडी वेगळी. दुसऱ्या आठवड्यात पाळी बदलली. आता एक जेवण दुपारी निघण्यापूर्वी आणि दुसरे रात्री साडेबाराला. ते ताट गरम करायला जागे राहायचे कुणी, हा प्रश्न घरात कुणी विचारलासुद्धा नाही. त्यांच्या जेवणाच्या वेळा दोनच राहिल्या. माझी चूल मात्र दिवसातून चारदा पेटू लागली.

दिवस कांदाकाढणीचे होते. उन्हात वाकून कांदा उपटायचा, पात कापायची, पाट्या भरून बराखीपर्यंत न्यायच्या. सावडीला आलेल्या बायका दुपारी झाडाखाली भाकरी सोडत, तेव्हा मी नुसते पाणी पिऊन बसे. आठव्या दिवशी मी नेम मोडला आणि त्यांच्याबरोबर भाकरी-ठेचा खायला लागले. घरी कळले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एकादशीला राहतेस की गं दिवसभर!" नवऱ्याचे वजन पंधरा दिवसांत तीन किलो उतरले आणि त्यांचे कौतुक झाले. बायका मला म्हणाल्या, "तुला नाही जमलं होय?"

जमायला काय हवे होते, ते आकड्यांत पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली माणसाची दिवसाची गरज ठरवून दिली. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला सुमारे २११० कॅलरी लागतात, मध्यम श्रम करणाऱ्याला २७१०. बाईला बैठ्या कामात १६६०, पण जड अंगमेहनत असेल तर २७२०. म्हणजे दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईची गरज मशीनवर उभ्या राहणाऱ्या पुरुषाएवढी, आणि टेबलाशी बसणाऱ्या पुरुषापेक्षा कितीतरी जास्त. लोहाची गरज तर तिचीच मोठी: पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम, बाईला २९. पण आपल्या घरांत ताट कामावरून वाढले जात नाही. 'बाईमाणसाला किती लागतंय' यावरून वाढले जाते, आणि तेही सगळ्यांत शेवटी.

परिणाम समोर आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. त्याच पाहणीत जवळपास चौथा हिस्सा स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त निघाले. या दोन गोष्टी एकाच बाईच्या अंगात असू शकतात. वजन जास्त म्हणजे पोषण चांगले, हा समज सोडून द्यायला हवा. तशा बाईला पथ्य लागत असेलही, पण ते तिचे रक्त आणि तिचे काम पाहून ठरले पाहिजे, नवऱ्याच्या रिपोर्टवरून नव्हे.

शिवाय उपाशी राहणे आपल्याला नवे आहे कुठे? वटपौर्णिमा, हरतालिका, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. नवऱ्यासाठी, मुलांसाठी, घरासाठी बाई उपास करते, तेव्हा तिला पुण्यवान म्हणतात. तीच बाई स्वतःच्या भुकेसाठी दुपारी भाकरी मागते, तेव्हा तिचा तोंडावर ताबा नाही म्हणतात. पथ्याने ही जुनीच शिकवण नव्या कपड्यांत आणू नये.

याच चाकणला १९८० साली कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले. जवळच्या आंबेठाणला शेती करणाऱ्या शरद जोशींनी उत्पादन खर्च मांडायला शिकवले. बी, खत, पाणी आणि घरच्या माणसांचे कष्टसुद्धा त्यात धरा, म्हणून सांगितले. १९८६ला चांदवडच्या अधिवेशनाला बायका प्रचंड संख्येने जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत किती तरी शेतकऱ्यांनी जमीन बायकोच्या नावावर केली. हिशेब मागण्याची रीत या मातीला परकी नाही. मग तोच हिशेब स्वयंपाकघरात का थांबतो? २०१९च्या सरकारी वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. नवऱ्याचे चालणे त्याच्या आरोग्यात मोजले जाते. डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिने तुडवलेली वाट कशातच मोजली जात नाही.

मैत्रिणींनो, पथ्याला माझा विरोध नाही. मधुमेह घराघरांत आहे आणि नवरा निरोगी राहावा असे मलाही वाटते. पण गटाच्या बैठकीत काही गोष्टी आपण ठरवू शकतो. पथ्य सुरू करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात दोघांचेही रक्त तपासून घ्यावे. बाईचे हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल, ती गरोदर असेल, अंगावर पाजत असेल किंवा काढणी-लावणीचे दिवस असतील, तर तिने जेवण तोडू नये. ज्याचे पथ्य, त्याने मूग भिजत घालावेत, काकडी चिरावी, रात्रपाळीचे ताट स्वतः गरम करून घ्यावे. जेवायला सगळ्यांनी एकत्र बसावे आणि भाजी सुरुवातीलाच सगळ्यांच्या ताटात सारखी वाढावी, म्हणजे खरवडलेले पातेले कुणा एकीच्या वाट्याला येणार नाही.

यात पैसा लागत नाही, सरकारी योजना लागत नाही. लागतो तो घरातला वाद. तो करायची तयारी मात्र हवी. पथ्य दोघांचे असेल तर विळी आणि चूलही दोघांची, हे पहिल्याच दिवशी, मूग भिजत घालायच्या आधी बोलून घ्यावे.