गावाचा नकार मोजला पाहिजे

आपल्या स्वयंपाकघरातील पातेल्यांपासून विजेच्या तारांपर्यंत सगळीकडे ॲल्युमिनियम असते. आपल्या आज्या त्याला 'जर्मन' म्हणत. हा धातू बॉक्साइटपासून मिळतो, आणि आपल्या देशात बॉक्साइटचे मोठे साठे आदिवासींच्या डोंगरांवर आहेत.

ओडिशातील नियमगिरी हा असाच डोंगर. येथील डोंगरिया कोंध लोक उतारांवर शेती करतात आणि डोंगराला नियमराजा मानून पुजतात. माथ्यावरचा बॉक्साइटचा थर पावसाचे पाणी धरून ठेवतो. खालचे झरे त्यावर चालतात. लांजीगड येथील वेदांत समूहाच्या कारखान्यासाठी हा माथा खोदण्याचा बेत होता. कारखाना आधी उभा राहिला. खाणीसाठी वनजमिनीची अंतिम परवानगी मात्र केंद्राने २०१० मध्ये नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले, ग्रामसभांना विचारा. जिल्हा न्यायाधीशाच्या देखरेखीखाली १२ गावांत सभा झाल्या. बाराही गावांनी नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाणीला नकार कळवला.

काही पालक म्हणतील, देशाला धातू नको का? वीज नको का? हवी, आम्हांलाही हवी. पण आपल्या सोयीची किंमत दुसऱ्याने भरायची असेल, तर त्याला आधी विचारणे हा साधा न्याय आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो हक्क दिला आहे. हक्क मिळाल्याने गाव मागे पडत नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि पुढे गाव स्वतःच आपला बांबू विकू लागले.

आज काळजी वेगळी आहे. २०२२ च्या नियमांपासून केंद्राची अंतिम मंजुरी आधी मिळू शकते. वनहक्कांचा निवाडा राज्याने त्यानंतर करायचा. सगळे ठरल्यावर विचारायचे, तर गावाच्या उत्तराला वजन ते काय उरणार? लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्यावर मुलीला पसंती विचारण्यातलाच हा प्रकार.

विद्यार्थी मित्रहो, नागरिकशास्त्रात ग्रामसभेचा धडा केवळ गुणांपुरता वाचू नका. जिला 'नाही' म्हणता येते आणि जिचे 'नाही' मानले जाते, तीच खरी ग्रामसभा. मंजुरीआधी गावाची संमती घेण्याची अट पुन्हा स्पष्टपणे नियमांत यावी, असे आमचे ठाम मत आहे.