पर्यावरणाचे पदवीधर आणि खाजनाचे बांध

महाविद्यालयीन प्रवेशाचे दिवस आले की पर्यावरणशास्त्र शिकून पुढे काय, असा प्रश्न पालक आम्हांस विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्यास सांगितले. २०१७ साली केंद्र सरकारने तरुणांसाठी हरित कौशल्य विकास कार्यक्रमही सुरू केला. अभ्यासक्रमांची वाण नाही. वाण आहे ती अनुभवाची.

भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारी व ओहोटीस उघडणारी मानशीची दारे ही गोमंतकीय पूर्वजांची स्थापत्यविद्या होय. बांध फुटला की खारे पाणी खाजनात शिरते आणि भातशेती बुडते. तो बांध राखण्याचे ज्ञान वृद्ध शेतकऱ्यांपाशी आहे. त्यांच्याबरोबर ते लोपले, तर ते कोणते विद्यापीठ परत देणार?

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. प्रकल्पाच्या परिणामांचा अहवाल प्रकल्पाचा मालकच सल्लागारास पैसे देऊन करवून घेतो. २०१८ साली गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले व नव्या मंजुऱ्या आवश्यक ठरविल्या. असे अहवाल लिहिणाऱ्या तरुणाने ज्याचे वेतन घ्यावे त्याच्याच विरुद्ध मत देण्याचे धैर्य कोठून आणावे?

म्हणून आमची सूचना अशी की, विद्यार्थ्यांस सहा महिने खाजनांत व खाणपरिसरात प्रत्यक्ष काम सक्तीचे करावे, जाणत्या शेतकऱ्यांस मानधन देऊन शिक्षक नेमावे आणि सल्लागाराचे शुल्क मालकाकडून वसूल करून स्वतंत्र निधीतून द्यावे. विद्येने पोट भरावे, हे रास्तच. परंतु पोटासाठी विद्या गहाण पडता कामा नये.