शिकाऱ्याची चाळिशी

जवळचे अक्षर दिसेनासे झाले की आपण म्हणतो, ‘चाळिशी लागली’. शेजारच्या कन्नड घरातही शब्द तोच, ‘चाळीसु’!

शिकाऱ्याला ही चाळिशी फार नडते. साध्या बंदुकीवर मागची खाच, नळीच्या टोकावरची खूण आणि दूरचे सावज, असा तीन अंतरांचा मेळ नजरेने घालावा लागतो. डोळ्यातले भिंग ताठर झाले की ती खूण धूसर होते. लेझरने दूरचा नंबर जातो, भिंगाचा ताठरपणा जात नाही. म्हणून बरेच जण बंदुकीवर दुर्बीण बसवतात. तिच्यात फुली आणि सावज दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात.

अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लहानपणी बंदूक मिळाली, तेव्हा मित्रांना दिसणारे सावज त्यांना दिसेना. आपली नजर अधू आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हते. १९०९ साली ते आफ्रिकेत शिकारीला गेले, ते चष्म्यांच्या अनेक जोड्या बरोबर घेऊन.

आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे. पण कमी दिसणाऱ्याला ते स्वतःला उमगत नाही, हे इथेही खरेच. माझ्या वर्गात फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारी मुले मी पाहतो. आळशी म्हणण्याआधी त्यांचे डोळे तपासून घ्या. आणि रात्री गाडी चालवत असाल, तर स्वतःचेही!