तेलुगू आधी की गोंडी?

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी विद्यार्थ्यांनी तेलुगू आधी शिकावी की गोंडी? तेलुगू ही राज्यभाषा. तिची लिपी आम्हांस नवी, परंतु ग्रंथसंपदा विपुल. मराठीतील ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद तीत ‘मेमु’ व ‘मनमु’ असा आढळतो. गोंडी देवनागरीतही लिहिता येते. पुस्तके मात्र थोडी. तिच्या एका स्वतंत्र लिपीची हस्तलिखिते याच जिल्ह्यातील गुंजाळा गावी मिळाली. २०१८ साली त्या लिपीस युनिकोडमध्ये स्थान लाभले. दोन्ही भाषा भगिनीच: तेलुगूतील ‘रेंडु, मूडु’ ते गोंडीत ‘रंड, मुंड’. म्हणून आमचे नम्र मत असे की, तेलुगू शाळेत शिकावी आणि त्याच वेळी गोंडी शेजाऱ्यांच्या अंगणात. एकीने उपजीविका साधेल, दुसरीने शेजारधर्म.