तिसरी पिन काढू नका!

ताथवड्यातील एका स्नेहसंमेलनाची तालीम चालू होती. विजेच्या गिटारपुढे एका फळीवर चार-पाच पेडल मांडलेली होती. पेडल म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलण्याच्या छोट्या पेट्या. वादकाने तार छेडण्याआधीच स्पीकरमधून 'हंऽऽ' असा घुमारा सुरू झाला. तेव्हा एका माहीतगाराने ॲम्प्लिफायरच्या प्लगची जाड, तिसरी पिन काढून टाकली. घुमारा थांबला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र टाळी वाजवता आली नाही.

घुमारा येतो कोठून? आपल्या घरातील वीज सेकंदाला 50 आवर्तने करते आणि तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही त्याच तालावर बदलते. ॲम्प्लिफायर एका भिंतीवरील सॉकेटला आणि पेडलचा तीन पिनांचा वीजपुरवठा दुसऱ्या भिंतीवरील सॉकेटला जोडला, की अर्थिंगच्या तारा व सिग्नलच्या केबलचे धातूचे कवच मिळून एक मोठे वेटोळे बनते. वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलले की त्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे फॅरडेने 1831 साली दाखवले. शाळेच्या पुस्तकातील तो नियमच येथे स्पीकरमधून ऐकू येतो! गिटारचा सिग्नल व्होल्टच्या काही दशांशांइतकाच असल्याने थोडी भेसळही कानाला जाणवते.

पिन काढली की वेटोळे तुटते, हे खरे. पण ॲम्प्लिफायरचा धातूचा सांगाडा, केबलचे कवच आणि गिटारच्या तारा एकमेकांना जोडलेल्या असतात. पिन गेल्यावर सांगाड्याची अर्थिंग केवळ पेडलच्या केबलवर अवलंबून राहते. ती केबल निघाली आणि आत बिघाड झाला, तर 230 व्होल्ट थेट वादकाच्या बोटांपर्यंत येतील. त्याच वेळी ओठ मायक्रोफोनला लागले तर प्राणावर बेतेल.

बिनधोक उपाय सोपे आहेत. सर्व उपकरणे एकाच सॉकेटवरून चालवा. एकमेकांपासून अलग असलेले पुरवठे प्रत्येक पेडलला द्या. सिग्नलची केबल विजेच्या वायरीपासून दूर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. गिटार फिरवल्यावर घुमारा कमी-जास्त झाला, तर तो गिटारच्या पिकअपमधील वेटोळ्यातून येत आहे असे समजा.

गोंगाट झाकण्यापेक्षा त्याचा उगम शोधावा. आपल्याच पुणे जिल्ह्यात खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यासाठीही मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असलेली जागा मुद्दाम निवडली गेली.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की पुढच्या स्नेहसंमेलनात घुमारा आला तर मुलांना त्याचे वेटोळे शोधायला लावावे. असा प्रयोग ती विसरणार नाहीत. तिसरी पिन मात्र जागेवरच राहू द्यावी!